आयत्या वेळचा विषय : हसवणारी आणि शिसारी आणणारी प्राणिभयकथा कशी लिहावी

जनावर माणसाला खाते आहे, पानापानावर रक्त सांडते आहे आणि वाचणारा तोंडावर हात धरून हसतो आहे, अशा कथांची गोडी ज्याला लागते तो ती सहसा चारचौघांत कबूल करत नाही. भुताची कथा वाचली असे सांगता येते, रहस्यकथाही आता प्रतिष्ठित झाली आहे. परंतु खेकड्यांनी अख्खे गाव फस्त केल्याची कादंबरी आपण दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा अधिक हसलो, हे सांगताना जीभ अडखळते. प्रस्तुत लेख अशी कथा मराठीत लिहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. या वाटेवरचे माझे पहिलेच पाऊल चुकीचे पडले होते. माझ्या पहिल्या कथेतली जळू एसटीच्या गाडीएवढी होती. ती कथा मी चार मित्रांना वाचून दाखवली, आणि जिथे त्यांनी घाबरावे अशी माझी अपेक्षा होती तिथे ते हसले, तर जिथे हसावे असे मला वाटले होते तिथे त्यांतल्या एकाने घड्याळ पाहिले. ती कथा पुन्हा पुन्हा लिहिताना जे हाती लागले ते इथे मांडतो, आणि उदाहरणासाठी तीच जळू घेतो. फक्त तिचा आकार आता आवरता घेतला आहे.

या प्रकाराचे आकर्षण नेमके कशात आहे हे आधी ठरवले पाहिजे, कारण पुढची सगळी कारागिरी त्यावरच उभी राहते. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा सांगितला आहे आणि भयानक रसाची उत्पत्ती बीभत्सापासून होते असेही म्हटले आहे. म्हणजे किळस आणि भीती ही मायलेकरे आहेत हे आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेले आहे. हास्याचे कूळ मात्र त्याच श्लोकात शृंगाराकडे लावलेले आहे. मग हा तिसरा पाहुणा किळस आणि भीतीच्या घरात कसा शिरतो, हे पाहायचे असेल तर विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीकडे जावे. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकात प्रेमात हताश झालेला नायक स्मशानात जातो आणि भुतांना मनुष्यमांस विकायला उभा राहतो. तिथे त्याला एक कंगाल भूत दिसते, ज्याला भवभूतीने ‘प्रेतरंक’ म्हटले आहे. ते मड्याची कातडी सोलते, खांद्यावरचे आणि पाठीवरचे भरघोस मांस आधी संपवते आणि मग मांडीवर घेतलेल्या सांगाड्याच्या सांदीकोपऱ्यांत अडकलेले मांस कोरून खात बसते. काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्साचे उदाहरण म्हणून हाच श्लोक दिला आहे. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द रक्तामांसाचा नाही, तो ‘अव्यग्र’ हा आहे. ते भूत अव्यग्रपणे खाते. त्याला घाई नाही, राग नाही, आपण काही भयंकर करतो आहोत याची जाणीवही नाही. आणि त्याच्यासमोर प्रेमाने व्यग्र झालेला, हातात मांस घेऊन गिऱ्हाईक शोधणारा एक सुशिक्षित तरुण उभा आहे.

जनावर अव्यग्र आणि माणसे व्यग्र, या विषमतेतून या प्रकारातले हसू येते, आणि माझ्या मते दुसरे कुठलेही हसू इथे टिकत नाही. म्हणून पहिला नियम असा की जनावराने कधीही विनोद करू नये. त्याने डोळा मिचकावू नये, खाल्ल्यावर ढेकर देऊन वाचकाकडे पाहू नये, त्याला गमतीचे नावही लेखकाने देऊ नये. द्यायचेच असेल तर ते पात्रांनी द्यावे आणि त्याबद्दल त्यांनी आपसांत भांडावे. जनावर हसवू लागले की ते बाहुले होते, आणि बाहुल्याने खाल्लेल्या माणसाचे ना दुःख होते ना हसू येते.

जनावर निवडताना

पहिल्यांदा लिहिणारा बहुधा कुठलेही जनावर घेतो आणि ते मोठे करतो. ही वाट सोपी दिसते, पण तिच्या तोंडाशीच पदार्थविज्ञान उभे आहे. लांबी दहापट झाली की पृष्ठभाग शंभरपट आणि घनफळ हजारपट होते, हे गॅलिलिओने 1638 साली हाडांच्या संदर्भात मांडले होते. जळू कातडीतून श्वास घेते; तिला एसटीएवढी केली तर तिच्या कातडीतून शिरणारा प्राणवायू तिच्या देहाला पुरणारच नाही आणि ती कोणाला खाण्याआधी स्वतःच गुदमरेल. वाचकाला हे गणित येत असेलच असे नाही, परंतु खोटेपणाचा वास त्याला येतो, आणि भय तिथेच संपते. माझे मित्र चुकीच्या जागी हसले याचे कारण हेच होते असे मला आता वाटते. निसर्गात ॲमेझॉनच्या खोऱ्यातली सर्वांत मोठी जळू सुमारे 45 सेंटिमीटर लांब असते. एवढी लांबी पुष्कळ झाली. हातभर लांबीचे, बुळबुळीत आणि भुकेले असे काहीही आपल्या पायजम्यात असू नये, याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही.

आकाराऐवजी खऱ्या जीवशास्त्राचा आधार घ्यावा, कारण निसर्ग स्वभावतःच या प्रकारचा लेखक आहे. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात. आपल्याकडच्या गुरांच्या जळवेला तीन जबडे आणि दहा डोळे असतात, आणि तिच्या चाव्याची खूण तीन पात्यांच्या पंख्यासारखी उमटते. चावा सहसा जाणवतच नाही. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही आणि ती गळून पडल्यावरही जखम कित्येक तास झिरपत राहते. एकदा पोट भरले की ती पुढे महिनोन्महिने न खाता राहू शकते. दक्षिण आशियातल्या एका जातीची जळू ओढ्याचे पाणी पिणाऱ्या गुरांच्या आणि माणसांच्या नाकात शिरून तिथे मुक्काम करते. पेरू देशात एका मुलीच्या नाकातून निघालेल्या जळवेचे वर्णन शास्त्रज्ञांनी 2010 साली प्रसिद्ध केले, तेव्हा तिला एकच जबडा पण त्यावर भलेमोठे दात आढळले, आणि तिचे शास्त्रीय नाव ‘टायरॅनोबडेला रेक्स’, म्हणजे जुलमी जळूराजा, असे ठेवण्यात आले. शास्त्रज्ञ इतके गंभीर राहून इतके गमतीचे वागत असतील, तर लेखकाने निराळे काही शोधण्याची गरज नाही.

जळूच का, असेही कोणी विचारील. नाट्यशास्त्रात बीभत्साचा एक प्रकार क्षोभज सांगितला आहे, जो रक्त वगैरे पाहून होतो, आणि दुसरा उद्वेगी, जो विष्ठा आणि कृमी पाहून होतो. वाघ पहिलाच प्रकार देतो आणि झुरळ दुसराच. जळू ही स्वतः कृमी असून पोटात रक्त भरून हिंडते, म्हणजे एकाच देहात दोन्ही रसप्रकार वाहून आणते. शिवाय ती आपली आहे. पावसाळ्यात वासोट्याच्या जंगलात गेलेल्या कोणत्याही गिर्यारोहकाला विचारावे. तंबाखू आणि मिठाची पुरचुंडी फिरवूनही संध्याकाळी मोजा पिळल्यावर काय निघाले ते तो जेवताना, मुद्दाम जेवतानाच, सांगेल.

आणि आपल्याकडे जळवेची शास्त्रोक्त बडदास्तही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय जळवांवर आहे. तिथे बारा प्रकारच्या जळवा सांगितल्या आहेत, सहा विषारी आणि सहा निर्विष. रक्त पिताना ती घोड्याच्या खुरासारखे तोंड करून मान उंचावते, तेव्हा तिच्यावर ओले फडके घालावे असे सांगितले आहे. पिऊन झाल्यावर तिच्या अंगाला तांदळाचा कोंडा आणि तोंडाला तेल-मीठ लावून, डाव्या हाताने शेपटीकडून धरून उजव्या हाताने हळूहळू तोंडाकडे चोळत तिला वांती करवावी. पाण्याच्या भांड्यात सोडल्यावर जी अन्न शोधत हिंडू लागते तिची वांती नीट झाली असे समजावे आणि जी मलूल पडून राहते तिला पुन्हा ओकवावे, अन्यथा तिला इंद्रमद नावाचा रोग होतो. रोग्याचे पुढे काय झाले याची चौकशी वाचकाच्या मनात येईपर्यंत जळवेची प्रकृती ठीक झालेली असते. हा अध्याय मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हसतो आणि अंग आखडून घेतो, दोन्ही एकदमच. या प्रकाराची याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

हिशोब

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि त्यातले दोन लिटर गेले की जीव धोक्यात येतो. औषधी जळू एका बैठकीत साधारण 5 ते 15 मिलिलिटर रक्त पिते. सरासरी 10 धरली तर एक माणूस संपवायला 200 जळवा लागतात. मागाहून झिरपणारे रक्त धरले तर थोड्या कमीही चालतील. हा हिशोब लेखकाने कागदावर करावाच, कारण त्यातून कथेचे कथानक आपोआप निघते. एका जळवेपासून भय नाही, वीस जळवांचा निव्वळ वैताग आहे, आणि दोनशे जळवा मात्र कुठेतरी जमाव्या लागतील, बऱ्याच काळ जमाव्या लागतील आणि त्या जमत असताना कोणाचे तरी त्याकडे दुर्लक्ष झालेले असले पाहिजे. ते कोणाचे आणि का झाले, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कथा.

इथे एका इंग्रजी उदाहरणाचा उल्लेख आवश्यक आहे. जेम्स हर्बर्ट यांची उंदरांवरची कादंबरी 1974 साली आली आणि ब्रिटनमध्ये स्वस्त पेपरबॅकच्या रूपाने अशा प्राणिभयकथांची लाट उसळली. खेकडे, गोगलगायी, कोणीही सुटले नाही. हर्बर्ट यांच्या कादंबरीतले उंदीर पूर्व लंडनच्या पडक्या वस्तीतून येतात, जिथे हर्बर्ट स्वतः वाढले होते आणि जिच्याकडे महायुद्ध संपून वर्षे लोटली तरी कारभाऱ्यांनी नीट लक्ष दिले नव्हते. त्या लाटेतली पुढची कित्येक पुस्तके विसरली गेली आणि ती टिकली, याचे श्रेय मी उंदरांच्या दातांना देणार नाही. उंदरांना राहायला जागा कोणी दिली हे तिला माहीत होते.

आपल्या जळवांना जागा कोणी द्यावी? माझ्या कथेत ती एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने दिली. सदनिका 24, इमारत एकच, तळघराशेजारी पाण्याची जमिनीखालची टाकी. दोन वर्षांपूर्वी खर्चकपातीचा ठराव होऊन टाकीची सफाई आणि पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर बंद झाली; उन्हाळ्यात टँकर लागला आणि स्वस्तातला टँकरवाला शेततळ्यातून पाणी आणतो हे सर्वांना माहीत असून कोणी विचारले नाही. एवढ्यात जळवा आल्या, अंड्यांचे कोश घातले, आणि क्लोरीन नसलेल्या, अंधाऱ्या, थंड पाण्यात सुखाने नांदू लागल्या. इथे अणुकचरा नाही, शापित मूर्ती नाही, परग्रहावरची धूळ नाही. दरमहा काहीशे रुपये वाचवल्याचा ठराव आहे, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह.

माणसे

जनावर अव्यग्र ठेवले की माणसांना व्यग्र ठेवण्याचे काम उरते, आणि त्यासाठी त्यांना मूर्ख करण्याचा मोह टाळावा. तळघरात एकटे जाणारी, किंकाळी ऐकून दार उघडणारी मूर्ख माणसे वाचकाला कंटाळा आणतात. माणसे हुशार असावीत, मात्र त्यांची हुशारी दुसऱ्याच कामात गुंतलेली असावी. वार्षिक सर्वसाधारण सभा याकरिता देणगीसारखी आहे. आदर्श उपविधींनुसार सभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरतात. म्हणजे आपल्या संस्थेत 16. सभेला बरोबर 16 सभासद आले आहेत, आणि पंप का चालत नाही हे पाहायला गेलेला सतरावा नव्हे, तर सोळावा माणूस परत आलेला नाही. आता प्रश्न असा की गणपूर्ती आहे की नाही? एक पक्ष म्हणतो, त्यांनी उपस्थिती नोंदवहीत सही केली आहे, तेव्हा ते उपस्थित आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, ते टाकीत आहेत आणि टाकी सभास्थान नाही. तिसरा एक निवृत्त गृहस्थ सूचनापत्राची तळटीप वाचून दाखवतो, की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. या युक्तिवादात तिन्ही पक्ष बरोबर आहेत आणि तोवर जिन्यावर पाणी चढते आहे. लेखकाने पात्रांची टिंगल करू नये. त्यांना त्यांच्या परीने शक्य तितके नेमके बोलू द्यावे.

मिठाचा प्रसंग असाच लिहावा. जळवेवर मीठ हा उपाय प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तो लपवण्यात अर्थ नाही. तो सभेत पाचव्या मिनिटाला सुचला पाहिजे, सर्वानुमते मंजूर झाला पाहिजे, आणि मग पोतेभर जाडे मीठ संस्थेच्या खर्चाने घ्यायचे तर तीन कोटेशने लागतात यावर अडकला पाहिजे. स्वतःच्या स्वयंपाकघरातली बरणी आणायला कोणी उठत नाही, कारण मागच्या गणपतीत घेतलेली सतरंजी अजून परत आलेली नाही.

मरणाच्या क्रमाबद्दल थोडे कडक बोलावेसे वाटते. या प्रकारच्या सुमार कथांमध्ये पहिला बळी रखवालदाराचा, दुसरा प्लंबरचा आणि तिसरा धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पडतो, आणि बाल्कनीतले सभासद सुरक्षित राहून धडा घेतात. ही लेखकाची आळशी सवय आहे आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही. टाकी ज्यांना रोज पाहावी लागते त्यांना तिच्यात काय आहे ते आधी कळलेले असते; रखवालदाराने दोनदा तोंडी आणि एकदा चिठ्ठीवर कळवलेले असते, आणि ती चिठ्ठी पत्रव्यवहाराच्या फाइलीत व्यवस्थित लावलेली असते. मरणाचा क्रम ठरावावरच्या सह्यांच्या क्रमाने लावून पाहावा. कथा एकदम ताठ उभी राहते.

मरणाआधी माणसाला थोडे आयुष्य द्यावे. हर्बर्ट यांची युक्ती अशी की एखादे पात्र प्रकरणाच्या आरंभी यावे, त्याच्या बालपणापासूनची हकिगत दोन पानांत सांगावी, आणि प्रकरण संपताना ते खाल्ले जावे. ही युक्ती चोरावी, पण एक दुरुस्ती करून: हकिगतीतली एखादी क्षुल्लक गोष्ट अपुरी राहिली पाहिजे. खजिनदारांचे 11 रुपयांचे न जुळलेले जमाखर्च त्यांच्या मरणापेक्षा वाचकाला अधिक चुटपुट लावून जातात.

रक्त आणि शब्द

किळस स्पर्शाने पसरते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळाच्या रसात बुडवून काढले. अपाय काही नाही हे कळूनही लोकांना तो रस नकोसा झाला. याचा अर्थ लेखकाने टाकी पहिल्यांदा दाखवूच नये. आधी सभेचा चहा दाखवावा. किटली, कागदी पेले, साखर जास्त झाल्याची तक्रार, आणि एका पेल्याच्या तळाशी राहिलेली चहापत्तीची जाडसर काडी, जी पेला कलता केल्यावर दुसऱ्या बाजूला सरकली आणि कलता न करता परत आली. रक्ताचा एक थेंब न सांडता अर्धे काम झाले, कारण यानंतर सभेत जो कोणी घोट घेईल तो वाचकाच्या घशातून उतरेल.

रक्त येईल तेव्हा ते थोडे आणि नेमके असावे. ‘रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या, सगळीकडे मांसाचे तुकडे विखुरले’ हे वाक्य कोणत्याही जनावराला आणि कोणत्याही माणसाला लागू पडते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. त्याऐवजी खजिनदारांचा शेवट असा लिहून पाहिला होता: ‘खजिनदारांनी पायजमा वर ओढला तेव्हा पोटरीवर लोंबणाऱ्या जळवा त्यांनी मोजल्या, कारण मोजणे हा त्यांचा स्वभाव होता. सात भरल्या. दुसऱ्या पायावर नऊ. बेरीज तोंडी करत असताना उजवीकडचे आकडे अंधूक झाले आणि पापणीखालून काहीतरी गार, गुळगुळीत, आपल्याच आसवांसारखे सरकले. ती सतरावी होती. ती मोजायला त्यांच्याकडे एकच डोळा उरला होता, आणि हिशोबाला तेवढा पुरला.’ यात एकही चिळकांडी नाही. जळू नाकात शिरते हे खरे आहे, तिला डोळ्यापाशी नेण्याची सूट मात्र मी घेतली आहे, आणि एका कथेत अशी एखादीच सूट घ्यावी.

मराठीला या कामासाठी जी शब्दसंपत्ती लाभली आहे तिचा मला अभिमान वाटतो. लिबलिबीत, गिळगिळीत, बुळबुळीत, पचपचीत, चिकचिकीत हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. लिबलिबीत वस्तू दाबली की आत जाते, बुळबुळीत हातातून निसटते, गिळगिळीत हाताला नकोशी मऊ लागते, पचपचीत दाबल्यावर पाणी सोडते आणि चिकचिकीत हाताला धरून ठेवते. भरलेली जळू गिळगिळीत, उपाशी जळू बुळबुळीत आणि पायाखाली आलेली जळू पचपचीत, एवढा विवेक लेखकाने ठेवावा. तेच ध्वनींचे. फचकन, पचकन, खुडकन, सुर्रकन या शब्दांत किळस आहे आणि त्याच वेळी बालवाडीतल्या गाण्याचा ठेकाही आहे, त्यामुळे ते एका परिच्छेदात एकदाच वापरावेत. दोनदा वापरले की हसू आधी येते आणि किळस मागे राहते. कधी कधी तसेच हवे असते, पण ते ठरवून व्हावे.

याच्या उलट टोकाला कार्यालयीन मराठी आहे, आणि माझ्या अनुभवात कथेचा निम्मा विनोद तिनेच पेलला. ‘सदर सभासद विषय क्र. 4 वर चर्चा चालू असताना मयत झाल्याने त्यांचे मत गृहीत धरण्यात आले नाही’ हे वाक्य इतिवृत्तात शोभते, आणि ते लिहिणाऱ्या सचिवाच्या बोटावर जळू असली तरी त्याचे व्याकरण बिघडत नाही. फचकन हा शब्द आणि ‘सदर’ हा शब्द एकाच पानावर राहतात, तेव्हा त्या दोघांच्या मधल्या फटीत कथा घडते. तिसरी, म्हणजे ‘रुधिर’, ‘विदीर्ण’, ‘भेसूर’ असली अलंकारिक भाषा मात्र या घरात घेऊ नये; ती जनावराच्या वतीने घाबरवण्याचा प्रयत्न करते आणि अव्यग्रता मोडते.

लय

पॅरिसमध्ये 1897 ते 1962 या काळात ग्रां गिन्योल नावाचे एक छोटे नाट्यगृह होते. जुन्या प्रार्थनामंदिरात थाटलेल्या त्या रंगमंचावर डोळे काढणे, गळे चिरणे यांची नाटुकली होत, आणि दोन भीषण नाटुकल्यांच्या मध्ये चावट विनोदी नाटुकले ठेवण्याची रीत होती. गरम आणि गार पाण्याच्या आळीपाळीच्या स्नानाशी तिची तुलना होत असे. ही आळीपाळी कथेतही उपयोगी पडते, पण कथेत गरम आणि गार यांच्या मध्ये पडदा पडत नाही, म्हणून अंतर हळूहळू कमी करत न्यावे. आरंभी एक पान सभा आणि चार ओळी टाकी, मध्यावर परिच्छेदाआड परिच्छेद, आणि शेवटी एकाच वाक्यात दोन्ही. उलटे केले, म्हणजे शेवटाकडे नुसती कत्तल ठेवली, तर वाचक पाने उलटत जातो. माझ्या घड्याळ पाहणाऱ्या मित्राचे तेच झाले होते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावचे डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी वादळाची पूर्वसूचना देणारे एक यंत्र तयार करून 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले होते. त्यात बारा बाटल्यांत बारा जळवा होत्या. हवेतल्या बदलाने त्या वर चढल्या की घंटा वाजे. बाटल्या त्यांनी गोलाकार मांडल्या होत्या, जळवांना एकमेकी दिसाव्यात आणि एकांतवासाची शिक्षा भोगल्यासारखे वाटू नये म्हणून. ही हकिगत वाचल्यावर मी माझ्या कथेत एक ओळ घातली, की टाकीच्या तळाशी जळवा गोल करून बसल्या होत्या आणि त्यांची गणपूर्ती झालेली होती. जनावराविषयी विनोद करण्याची एवढीच मुभा मी स्वतःला दिली, आणि तीही निवेदकाच्या तोंडून.

शेवट

शेवटाला जनावर मारू नये, निदान सगळे मारू नये. पण टाकीच्या झाकणाखालून एक जळू डोकावते आणि पडदा पडतो, हा शेवटही इतका वापरला गेला आहे की त्याने कोणी दचकत नाही. नेमक्या उपायाने जनावर मरते का, यापेक्षा माणसांचे काम पुरे होते का, या प्रश्नावर कथा संपवावी, कारण कथेभर त्यांना तेवढीच काळजी होती. माझ्या कथेचे शेवटचे पान म्हणूनच इतिवृत्ताचे आहे. ते सचिवांनी लिहिले आहे, अक्षर पहिल्या ओळींत सुवाच्य आहे, पुढे पुढे ओले होत गेले आहे, आणि सहीच्या जागी तीन पात्यांच्या पंख्यासारखी एक खूण आहे. कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा विषय प्रत्येक संस्थेत एकच असतो, आणि तो कथेच्या पहिल्या पानावर, सूचनापत्रात, वाचकाने सहज नजरेआड केलेला असतो:

‘विषय क्र. 9. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय : सदर विषय रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी टाकीच्या झाकणातून आले. अध्यक्षांची परवानगी घेता आली नाही.’